नगरच्या बाबांचा शिष्य आणि त्याचं नवं संगीत नाटक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'द हू' या इंग्लंडच्या बँडची बातमी दिलीत, चार ओळींची, की 24 वर्षांनी त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम आलाय, एवढंच. तेवढी दिलीत त्याबद्दलही मनापासून थँक्यू, पण खरी बातमी राहूनच गेली हो! त्या अल्बममधे बँडचा गिटारवाला आणि गीतकार पीट टाउनशेंडने नवा रॉक ऑपेरा लिहिलाय. वयाच्या 61व्या वर्षी, कान जवळजवळ गेलेले असताना, ज्या बँडसाठी आयुष्यभर लिहिलं त्यातले दोघं आता नाहीत अशा वेळी. मी तीन आठवडे दुसरं काही ऐकलेलंच नाही.

रॉक ऑपेरा म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं समजवायला नको. अख्खी गोष्ट गाण्यांतून सांगायची, आपल्या संगीत नाटकासारखी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' पहिल्यांदा केलं ते 31 ऑक्टोबर 1880 ला, आणि हा अल्बम अमेरिकेत आला तो 31 ऑक्टोबर 2006 ला, बरोब्बर 126 वर्षांनी. योगायोगच आहे, पण लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. आमचे आजोबा 'सौभद्र'ची पदं म्हणायचे, आणि लहानपणी मी त्यांना नुसतं 'प्रिये पहा' म्हणून दाखवलं की ते थांबवायचे, आधी सांग कोण कुणाला म्हणतंय, पहाटेची वेळ आहे, रुक्मिणी रुसलीय, मग म्हण. पद सुटं म्हटलं की अर्धंच राहतं म्हणायचे.

आणि 1981 साली दादाने हॉस्टेलवरून 'द हू'च्या 'टॉमी' या जुन्या रॉक ऑपेराची कॅसेट आणली, नव्वद मिनिटांची, वर निळ्या शाईने लिहिलेलं, 'टॉमी, पूर्ण, मधे थांबवू नये'. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच, पण सुरुवातीला नुसत्या वाद्यांवर वाजलेल्या चाली पुढे एकेक करून गाणी होऊन परत येतात हे मला शब्द न कळता कळलं. आजोबांचं म्हणणं त्या दिवशी खरं पटलं. ती कॅसेट आता वाजत नाही, पण कपाटात आहे अजून.

दुसरी गोष्ट तर आपल्या इतक्या जवळची आहे की ती कुणी छापत कसं नाही याचंच नवल वाटतं. टाउनशेंड मेहेरबाबांना मानतो. बाबा म्हणजे 1894 साली पुण्यात जन्मलेले मेरवान इराणी, नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे ते त्यांचंच. 10 जुलै 1925 ला त्यांनी मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही, आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगायचे, नंतर नुसत्या खुणांनी. 'टॉमी' आला त्याच वर्षी मे महिन्यात, आणि त्यातल्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. अल्बमवर जिथे नावं असतात तिथे 'अवतार : मेहेरबाबा' असं छापलेलं आहे. 'बाबा ओरायली' हे टाउनशेंडचं गाणं टीव्हीवर एका अमेरिकन पोलीस मालिकेच्या सुरुवातीला वाजतं, त्यातले बाबा म्हणजे हेच. माझी मावशी नगरला असते, तिच्यासोबत मी समाधीवर गेले होते, आत फार छोटी जागा आहे, वाकून डोकं टेकवायचं आणि बाहेर यायचं. तेव्हा मनात आलं होतं की लंडनच्या त्या माणसाची बाबांशी प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही आणि तरी त्याने इतकं लिहिलं.

आता नव्या अल्बमबद्दल. नाव 'एंडलेस वायर'. माझ्या भाच्याने मुंबईहून सीडी पाठवली, इथल्या दुकानात दोन चकरा मारूनही मिळाली नव्हती. पहिली नऊ गाणी सुटी आहेत, त्यातल्या एकाच्या नावात बाबांच्या 'गॉड स्पीक्स' ग्रंथाचा उल्लेख आहे. मग दहाव्यापासून दहा गाण्यांचा ऑपेरा सुरू होतो, 'वायर अँड ग्लास'. रे हाय नावाचा एक म्हातारा रॉकस्टार, जगापासून दूर एका खोलीत, आणि त्याला दिसणारी तीन मुलं, एक ख्रिश्चन, एक ज्यू, एक मुसलमान, आपल्या गल्लीत असतात तशीच शेजारची, ती मिळून बँड काढतात. हा रे हाय टाउनशेंडच्या 1993 च्या अल्बममधेही होता, आणि सगळ्या जगाला तारांनी जोडायची कल्पना तर त्याहून जुनी, 1971 च्या सुमाराला अर्धवट सोडून द्यावी लागलेल्या ऑपेराची. म्हणजे 35 वर्षं एक माणूस एकच गोष्ट पुरी करायला बघतोय! काही गाणी दीड-दोन मिनिटांत संपतात, गोष्ट पहिल्या वेळी नीट लागत नाही हे मान्य, मलाही चौथ्यांदा लागली, पण सलगच ऐका, पोळ्या करता करता नको.

आणि शेवटचं 'टी अँड थिएटर'. एवढा धडाडणारा बँड, आणि शेवटी जवळजवळ फक्त एक गिटार आणि बँडचा गायक रॉजर डाल्ट्रीचा आवाज. सगळं संपलंय, दोघंच उरलेत, चल चहा घेऊ, असं काहीसं. बँडमधला ड्रमवाला कीथ मून 1978 ला गेला, बेस गिटारवाला जॉन एंटविसल 2002 ला, त्यामुळे गोष्टीतले दोघं कोण आणि खरे दोघं कोण हे वेगळं करता येत नाही. मैफलीत भैरवी झाल्यावर टाळी वाजवायला एक क्षण हात उठत नाहीत ना, तसं झालं मला, रात्री साडेअकराला हेडफोन कानातच ठेवून मी तशीच बसून राहिले.

आपल्या सानंद संस्थेच्या नाटकांना आपण इंदूरकर एवढी गर्दी करतो, संगीत नाटक असलं तर आधीपासून जागा धरतो, त्याच वाचकांना हे नक्की आवडेल. तेव्हा संपादक साहेब, एक विनंती. 31 जानेवारीला बाबांची अमरतिथी असते, जगभरातून मेहेरप्रेमी नगरला येतात. त्या आठवड्याच्या पुरवणीत या ऑपेराला अर्धं पान द्या, गाण्यांची गोष्ट क्रमाने मराठीत सांगा. लिहायला कुणी नसेल तर मी लिहून देते, एक पैसा नको.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर
डिसेंबर 2006