मोतीमहालातील आबकारी आयुक्तांना खुले पत्र: ठेकेदार गेला, आमचे पैसे कोणाकडे मागायचे?

मा. आबकारी आयुक्त, मध्य प्रदेश,
मोतीमहाल, ग्वाल्हेर

स. न. वि. वि.

राज्य भोपाळहून चालत असले तरी आबकारीची सूत्रे आमच्या ग्वाल्हेरातून हलतात. त्यामुळे हे पत्र फार दूर जायचे नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ज्या दारूच्या दुकानाबद्दल लिहितो आहे, ते आपल्या कचेरीपासून फार लांब नाही. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. पोलिसांकडच्या अर्जात ते आहेच, आणि आज त्या गल्ल्यावर बसलेल्या नव्या ठेकेदाराचा या प्रकरणाशी संबंध नाही.

घडले ते असे. होळीच्या सुमारास नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर निरोप येऊ लागले: ठेका बदलतोय, एप्रिलपासून भाव वाढणार, लग्नसराईचा माल आत्ताच नोंदवा, लागेल तेव्हा घेऊन जा. यात वावगे कोणालाच वाटले नाही. मार्चअखेरीला ठेकेवाले माल कसा काढून टाकतात आणि 31 तारखेला दुकानांपुढे कशी झुंबड उडते, हे या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी भाच्याच्या लग्नासाठी स्कॉच सांगितली, कोणी साठीच्या समारंभासाठी रेड वाईनच्या पेट्या. जेवणावळीची कंत्राटे घेणाऱ्या एका बाईंनी तर यजमानांकडून घेतलेली उचलच तिथे भरली. ज्यांनी आधी थोडेसे नोंदवून पाहिले, त्यांना बाटल्या वेळेवर मिळाल्या, वर एखादी फुकटही. मग त्यांनीच भावाला, व्याह्यांना, ऑफिसातल्या मित्रांना सांगितले. 1 एप्रिलला शटर उघडले ते नव्या ठेकेदाराने. "मागचं मला काय माहीत?" असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, म्हणून ही मंडळी मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. व्यवहार एकेक करून पाहिले. काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवताना परवानाधारकाच्या फर्मचे नाव दिसायला हवे होते. दिसत होते ते एका सेल्समनचे, आणि मार्चच्या मध्यानंतर तिसऱ्याच कोणाचे. पावती म्हणून मिळाली ती कागदाची चिठ्ठी: आकडा आणि खाली एक फराटा. बिल मागणाऱ्याला "मशीन बंद आहे" हे उत्तर ठरलेले. आणखी एक गोष्ट आपल्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटायला नको होती. आपल्याकडे दारूला कमाल विक्री दराप्रमाणे किमान दरही ठरलेला असतो, आणि त्या निरोपांतले काही आकडे किमान दराच्याही खाली होते. हे निरोप अर्ध्या लष्करात फिरत होते.

पैसे बुडाले ते एक झाले. शेवटच्या आठवड्यात ज्यांना माल मिळाला, त्यांच्यातल्या काही बाटल्यांची झाकणे सैल होती. एका निवृत्त फौजी गृहस्थांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून अधिक माणसे गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून प्रत्येक दुकानात बिल सक्तीचे झाले, आणि 2025-26 च्या धोरणात बिल काढायचे पीओएस मशीनही. कागदावर सगळे आहे.

मग तक्रारी इतक्या कमी का? कारण दारूचा ग्राहक तोंड उघडत नाही, आणि लुबाडणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. एका गृहस्थांच्या घरी अजून पत्ता नाही की पेन्शनीतले पैसे कशात गेले. दुसरे ठाण्यात गेले, तर "काका, या वयात?" असे ऐकून परतले. कचेरीत एकाने सल्ला दिला की गेले ते गेले, आता सोडा. त्यांनी साडी किंवा फ्रीज घेताना फसवणूक झाल्याचे सांगितले असते, तर कोणी हसले नसते. परवाना शासन देते, बाटलीमागचा कर शासन घेते, तर घेणाराही शासनाच्या लेखी ग्राहकच ठरायला हवा. (ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आणि आपला आबकारी कायदाही 1915 चा. योगायोगच, पण आमच्या तक्रारीवर दोघांची गाठ पडत नाही.)

अमेरिकेत बर्कले येथे प्रीमियर क्रू नावाचे वाईनचे दुकान होते. युरोपातून यायच्या वाईनचे पैसे ते आधीच घेत असे. त्यातली बरीच वाईन कधी मागवलीच जात नव्हती, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याची मागणी भागवली जात होती. तिथली गिऱ्हाइके उघडपणे कोर्टात गेली. 2016 मध्ये दुकानाचे दिवाळे निघाले, मालकाने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या लष्करातल्या फसवणुकीचा घाट तोच आहे, फक्त इथे माणसाला पळून जावेही लागत नाही. वर्ष संपते, ठेका संपतो, आणि जबाबदारीही संपते.

माझे मुख्य म्हणणे यावर आहे. ठेकेदार शासनाची रक्कम बुडवू नये म्हणून आपण त्याच्याकडून बँक गॅरंटी घेता. ती मोकळी करण्याआधी दुकानावर आणि वर्तमानपत्रात महिनाभराची सूचना द्या: या परवानाधारकाकडे कोणाचे येणे असेल तर पुराव्यासह कळवा. त्याचा निकाल लागेपर्यंत गॅरंटीचा काही भाग अडकवून ठेवा. नियमात त्यासाठी तरतूद करावी लागेल, तर येत्या वर्षाच्या धोरणात करा. परवानाधारकाच्या फर्मच्या खात्याखेरीज दुसरा क्यूआर काउंटरवर दिसला, तर तेवढ्यावर दंड व्हावा. आणि आगाऊ पैसे घेण्याला एकतर सरळ बंदी घाला, नाहीतर त्याचे बिल मशीनमधूनच निघू द्या.

ज्यांनी नाव द्यायची तयारी दाखवली, त्यांच्या व्यवहारांचे तपशील, निरोपांच्या प्रती आणि चिठ्ठ्यांची छायाचित्रे एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. ज्यांनी नाव दिले नाही, त्यांचे नुकसान मोठे आहे. नाव गुप्त राहील असे आपल्याकडून लेखी मिळाले तर तेही पुढे येतील. फाइल घेऊन आम्ही कोणत्या अधिकाऱ्याला भेटायचे, एवढे कळवावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
लष्कर, ग्वाल्हेर