टाइल लागायच्या आत

प्रिय आई-बाबा,

बाबांनी पाठवलेली नव्या बाथरूमची मापं पाहिली. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जमिनीतला मैल्याचा पाइप बरोबर आहे, कमोडच चुकीचा आलाय. हा वाद आवाज चढवून मिटायचा नाही, टेपने मिटेल. तोही टाइल लागायच्या आतच, कारण नंतर त्याच्या तोंडी एकच वाक्य असेल: 'आता फोडायचं का?'

कमोडच्या खोक्यात मापांचा कागद आहे. त्यावर २२५ मि.मी. लिहिलंय. हे अंतर पाइपच्या मध्यापासून तयार भिंतीपर्यंतचं, म्हणजे टाइलच्या बाहेरच्या अंगापर्यंतचं असतं. बाबांनी मोजलेले २२५ कच्च्या भिंतीपासूनचे आहेत. प्लास्टर धरा १५, टाइल आणि तिच्या मागचा माल २०. भिंत ३५ मि.मी. पुढे येणार, मग उरले १९०. कमोडची टाकी भिंतीला टेकेल आणि खालचं तोंड पाइपच्या साडेतीन सेंटीमीटर पुढे राहील. उलटी चूक झाली असती, पाइप भिंतीपासून थोडा लांब पडला असता, तर मागे नुसती फट दिसली असती. दिसायला वाईट, पण काम चाललं असतं. इथे तसं नाही.

कॉन्ट्रॅक्टर बहुतेक तिरका कनेक्टर (कमोड आणि पाइप जोडणारा वाकडा तुकडा) लावून देतो म्हणेल. अर्ध्या-पाऊण इंचाच्या फरकाला मी हरकत घेतली नसती. साडेतीन सेंटीमीटर तिरकं नेलं की त्या वळणावर मैला अडकायला जागा होते, आणि तुंबल्यावर कमोड उचलल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. पाइप सरकवणं हाच उपाय. जमिनीचं वॉटरप्रूफिंग झालेलं असेल तर फोडलेल्या जागी ते आजूबाजूच्या थरावर चढवून पुन्हा करून घ्यायचं आणि पाणी भरून निदान २४ तास ठेवायचं. खालच्या छताला ओल दिसली नाही तरच पुढचं काम.

खर्च कुणाचा? बाबा, इथे जरा प्रामाणिकपणे बघा. पाइप टाकायच्या आधी तो कागद त्याच्या हातात दिला होता का? दिला असेल तर चूक त्याची आणि फोडाफोडही त्याचीच. कमोड नंतर निवडला असेल तर भांडण्यात अर्थ नाही, आपणच भरायचं. आणि आईच्या गुडघ्यांसाठी उंच मॉडेल घ्यायचं असेल (सीटची उंची १७ ते १९ इंच बघा, साधी याहून बुटकी असतात), तर ते पाइप हलवायच्या आधी ठरवा. नव्या मॉडेलचं माप वेगळं असू शकतं.

शॉवरच्या डायव्हर्टरचंही (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवणारा कॉक) असंच. भिंतीत गाडलेल्या त्या पितळी भागावर प्लास्टिकचं झाकण आहे, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. टाइलचं बाहेरचं अंग या दोन खुणांच्या मध्ये आलं पाहिजे. जास्त आत गेला तर मुठीचा दांडा पुरत नाही, बाहेर राहिला तर वरची चकती टाइलला टेकत नाही आणि त्या फटीतून पाणी भिंतीत शिरतं. मिस्त्रीला टाइलचा तुकडा मालाच्या जाडीइतका पुढे धरायला सांगा, खुणा कुठे येतात ते लगेच दिसेल. गरम पाणी डावीकडे आहे ना, तेही तेव्हाच बघा.

पाण्याचे पाइप झाकण्याआधी दाबाची चाचणी मात्र सोडू नका. 'नळ सोडून बघितला, गळत नाही' ही चाचणी नव्हे. सांधे चिकटवून एक दिवस गेला की सगळी तोंडं प्लगने बंद करायची, लाइनमधली हवा काढायची आणि हातपंपाने पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब चढवायचा. पंपावरचा दाबाचा काटा थोडा उतरून थांबला तर आत उरलेली हवा असेल. उतरतच राहिला तर गळती. कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका, प्लास्टिकचा पाइप हवेच्या दाबाने फुटला तर तुकडे उडतात. बहुतेक गळती प्लास्टिक आणि पितळ जिथे जुळतात तिथे निघते. प्लास्टिकच्या आट्यात धातूचा नळ जोर लावून पिळला की बारीक चीर जाते. तिथे पितळी आट्याचं फिटिंगच हवं.

आधाराच्या दांड्यांच्या जागाही आत्ताच नक्की करा. भिंत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर स्क्रूचे नुसते प्लग वजन पेलत नाहीत, मागे भक्कम आधार टाइलच्या आधीच बसवावा लागतो. उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच, आणि ही जमीन म्हणजे लादी बसल्यानंतरची.

पुढे फिटिंग बसवताना दोनच गोष्टींवर अडून बसा. कमोडखाली सिमेंट भरू द्यायचं नाही: भांडं तडकू शकतं आणि पुढे काढायचं झालं तर फोडावंच लागतं. कडेने सिलिकॉन पुरे, तेही मागची बाजू सोडून, म्हणजे आत गळती झाली तर पाणी बाहेर दिसेल. दुसरं, नळ लावण्याआधी लाइन उघडी सोडून भरपूर पाणी जाऊ द्या. नवा नळ 'खराब निघाला' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्याच्या जाळीत वाळू अडकलेली असते. शॉवर मंद आला तर मात्र वरच्या पाण्याच्या टाकीची उंची बघा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी शॉवरपेक्षा तीनच मीटर वर असेल तर मोठा शॉवर रिमझिमच पडणार, त्यात ना कॉन्ट्रॅक्टरचा दोष ना कंपनीचा.

या टप्प्याचे पैसे चाचणी झाल्यावर द्या, आधी नाही. बाबा, तुम्ही टेप घेऊन खाली वाकू नका. मिस्त्रीला मोजायला लावा, आकडे तुम्ही वहीत लिहा आणि खाली त्याची सही घ्या. आई, भिंत झाकण्याआधी प्रत्येक पाइपचा फोटो काढ, शेजारी टेप धरून, आकडे वाचता येतील इतक्या जवळून.

तुमची,
ताई