जंतुनाशकाची बाटली आता कपाटात ठेव

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

बाळ रांगायला लागलंय म्हणून फरशी दिवसातून तीनदा जंतुनाशकाने पुसू नकोस. पाणी आणि थोडा साबण पुरतो. फवाऱ्याचं जंतुनाशक तर नकोच. त्याचे बारीक कण श्वासनलिकेच्या अस्तराला झोंबतात.

कारण लहानपणी काही जंतूंचा सहवास मिळाला तर दमा-ॲलर्जी कमी होते. मोठी भावंडं जास्त असलेल्या मुलांना परागज्वर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी-शिंका, कमी होतो, हे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ साली १७ हजारांवर ब्रिटिश मुलांच्या नोंदींवरून मांडलं. तेव्हा श्रेय भावंडांकडून लागणाऱ्या लहानपणीच्या आजारपणांना दिलं गेलं. ते तितकंसं खरं नव्हतं. गोवर किंवा हगवण होऊन दमा टळत नाही; उपयोगी पडतात ते आजार न करणारे, माती-जनावरांतले नाना तऱ्हेचे जीवाणू.

सगळ्यात बोलका पुरावा अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या शेतकरी समाजांचा. वंश जवळचा, आहार सारखा. पण आमिशांचे गोठे घराला लागून आणि मुलं लहानपणापासून त्यांत वावरणारी. हटराइटांची शेती यंत्रांची, वस्तीपासून दूर. शाळकरी मुलांत दमा आमिशांकडे सुमारे ५ टक्के, हटराइटांकडे २१ टक्के. आमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जीवाणूंच्या आवरणाचा अंश, जवळपास सातपट निघालं. ही धूळ उंदरांच्या नाकात घातली तेव्हा श्वासनलिकेचा दाह रोखला गेला.

हे कसं होतं? थोडं थोडं एंडोटॉक्सिन वारंवार पोचलं की फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशी ए-२० नावाचं प्रथिन वापरून स्वतःला आवरतात. मग धुळीतले माइट्स, म्हणजे ॲलर्जी करणारे अतिसूक्ष्म किडे, आले तरी त्या धोक्याची हाकाटी करत नाहीत. ज्या उंदरांच्या या पेशींतून ए-२० काढून टाकलं, त्यांना संरक्षण मिळालं नाही.

सगळी मेख मात्रेत आणि वेळेत आहे. तेच एंडोटॉक्सिन एकदम भरपूर गेलं तर दाह वाढवतं, आणि दमा जडलेल्याला धूळ त्रासच देते. आपल्या हाती आहेत ती पहिली वर्षं. म्हणून बाळाला रोज बाहेर गवतावर, मातीत सोड. मात्र कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली माती टाळ, तिच्यात जंतांची अंडी असतात. रहदारीच्या रस्त्याकडेचीही नको, तिच्यात शिसं असू शकतं. आणि घरातल्या ओल्या भिंतीवरच्या बुरशीला यात धरू नकोस. ती दम्याला पोसते, ती काढायचीच.

हात मात्र धुवायचे: शौचानंतर, लंगोट बदलल्यावर, जेवणाआधी, साध्या साबणाने २० सेकंद. कच्चं दूध अजिबात नको. ते पिणाऱ्या शेतकरी मुलांत दमा कमी दिसला हे खरं, पण त्यातून घातक संसर्ग होतात, आणि तो सौदा मला मान्य नाही. लसी वेळेवर दे, त्यांनी ॲलर्जी वाढत नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नकोस. विषाणूवर ते चालत नाही, आतड्यातले कामाचे जीवाणू मात्र मारतं.

आणि एक. बाळाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली, तर माती-जंतूंचा विचार बाजूला ठेवून त्याच वेळी डॉक्टरांकडे जा.

तुझी,
आई