इटलीतल्या जेनोव्हा शहरातल्या आमच्या शेजारच्या नोन्नांना (नोन्ना म्हणजे आजी)

प्रिय नोन्ना,

मनातलं नीट सांगायला मला मराठीच लागते, म्हणून हे पत्र मराठीत. माझी लेक तुम्हाला ते इटालियनमध्ये वाचून दाखवेल. ज्या मराठी आयांच्या मुलांना सीलिॲक आहे (ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन, खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार) त्यांच्याही नजरेस ते पडावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लेकीला सीलिॲक असल्याचं निदान झालं तेव्हा तिला गहू, बार्ली आणि राय आयुष्यभरासाठी बंद झाले. इटलीत राहून पास्ता नाही, फोकाच्चा हा इथला जाडसर पाव नाही, या विचारानेच आमचं घर सुन्न झालं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जिना उतरून आलात. काय बंद झालं याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. विचारलंत एवढंच, "चण्याचं पीठ आहे का?"

तुमच्याकडून शिकलेली फारिनाता, चण्याच्या पिठाची भाजलेली पातळ पोळी, आता आमच्या घरची झाली आहे. तीनशे ग्रॅम काबुली चण्याचं पीठ, जवळपास लिटरभर पाणी, मीठ. मिश्रण चार-पाच तास तसंच ठेवायचं आणि वर आलेला फेस झाऱ्याने काढून टाकायचा. मग पसरट ताटात ऑलिव्ह तेल सढळ हाताने ओतायचं, पीठ जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाड पसरायचं आणि ओव्हन असेल तितका तापवून त्यात सरकवायचं. कडा कुरकुरीत, आतून मऊ आणि वर भरपूर मिरपूड. यात गहू कधी नव्हताच. लेकीला पर्यायी, नकली असं काही खावं लागत नाही, अख्खं जेनोव्हा शतकानुशतकं जे खात आलं तेच ती खाते. मला याचं मोल फार वाटतं. पाकिटातला ग्लुटेनमुक्त पास्ता आम्हीही आणतो, वाईट नसतो, पण तो ताटात आला की तिला आपलं वेगळेपण आठवतं. फारिनाता समोर आली की नाही आठवत.

पानिस्सा केलीत तेव्हा तर मी उडालेच. चण्याचं पीठ घोटून घट्ट शिजवायचं, थापून थंड करायचं आणि तुकडे पाडायचे: ही तर आमची पाटवडी! फक्त तुम्ही ती तळता आणि आम्ही वर खोबरं-कोथिंबीर पेरतो.

त्याहून मोठं शिकवलंत ते गहू कुठे दडून बसतो हे. जुन्या गल्ल्यांतल्या भट्टीच्या दुकानात फारिनाता मिळते, पण त्याच भट्टीत फोकाच्चाही भाजतात, म्हणून आधी विचारायचं. रिसोत्तो या इटालियन मऊ भाताचा तांदूळ निर्धोक, पण त्यात पडणाऱ्या सूपच्या वडीचं वेष्टन वाचायचं. न्योकी हे उकडलेले छोटे गोळे बटाट्याचे म्हणवतात, तरी त्यात बहुधा मैदा असतो. चष्मा लावून तुम्ही माझ्या फडताळातले डबेही एकेक करून वाचलेत, आणि हिंगाच्या डबीवर बोट ठेवलंत: गव्हाचं पीठ. आपल्याकडच्या बांधानी हिंगात ते सर्रास असतं. मराठी आयांनो, आज घरातली डबी उलटून बघाच.

तुमच्या देशाचेही आभार मानायला हवेत. 2005 च्या कायद्यामुळे लेकीला शाळेच्या खानावळीत ग्लुटेनमुक्त जेवण हक्काने मिळतं. वेष्टनावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही, हा नियम सगळ्या युरोपीय संघात आहे. पण कायद्याने पोट भरतं, जेवणाची गोडी लागते ती माणसामुळे.

आता ती प्रवासातही घाबरत नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीत गेलो तेव्हा गालेटबद्दल, म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या तिथल्या पातळ धिरड्याबद्दल, तिने स्वतःच विचारलं, "यात गहू मिसळता का? तवा वेगळा आहे का?" अगदी तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखा हात हलवत. गहू मिसळतो किंवा तवा एकच आहे म्हणाले तिथून आम्ही उठलो, निव्वळ कुट्टू आणि तवा वेगळा म्हणाले तिथे अंडं आणि चीज घातलेलं गालेट तिने पोटभर खाल्लं.

नोन्ना, आजारी लेकराची कीव करणारे पुष्कळ भेटले. तिच्यासोबत ओट्यापाशी उभ्या राहिलात त्या तुम्ही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडायची मला घाईही नाही.

रविवारी जेवायला या. ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं करते आहे. येताना चेस्टनटचं पीठ आणा, त्याचा केक, कास्तान्याच्चो, अजून शिकवायचा राहिलाय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची लेक