मज्जापेशी उपासमारीने मरत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘पोषण न मिळाल्याने मज्जापेशी मरतात’ असे छापून आले आहे. नेमक्या याच समजुतीवर इंदुरात ‘नसांच्या टॉनिक’च्या बाटल्या खपतात, म्हणून हे पत्र.

रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986चे नोबेल मिळाले त्यात एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जातंतूंची वाढ करणारा घटक) या प्रथिनाच्या शोधाचा मोठा वाटा होता. नावात ‘वाढ’ असली, तरी पेशीला मरणाचा हुकूम सुटू न देणे हे त्याचे मोठे काम. 1988 साली सेंट लुइसमध्ये झालेल्या प्रयोगात ते स्वच्छ दिसले.

उंदराच्या गर्भाच्या मानेतले गँग्लिऑन (मज्जापेशींचा पुंजका) काढून त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि एनजीएफ घातलेल्या द्रावात आठवडाभर वाढवायच्या. सुरुवातीलाच विभाजन रोखणारे औषध लागते, नाहीतर आधारपेशी फोफावून सगळी बशी व्यापतात. मग एनजीएफ काढायचा. नवखे इथेच फसतात. नुसता द्राव बदलून भागत नाही, कारण मागे राहिलेला अंशही पेशींना तगवतो. उरलेसुरले निकामी करायला एनजीएफविरोधी प्रतिपिंड घालावे लागते. त्यानंतर तंतूंवर मण्यांसारख्या गाठी येतात, ते तुटतात आणि दोन दिवसांत बहुतेक पेशी संपतात.

पण त्याच वेळी नवी प्रथिने बनणे थांबवणारे सायक्लोहेक्झिमाइड घातले, तर पेशी वाचतात! हे खरे तर विषच. उपाशी जीव विषाने वाचत नसतो. मरण्यासाठी पेशीला स्वतःच काही प्रथिने घडवावी लागतात, ती अडली की मरण लांबते. त्यात एनजीएफचेच कच्चे रूप पी75 या ग्राहीला (पेशीवरच्या, संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटले, तर उलट मरणाचाच संदेश जातो. तेव्हा ‘जितके जास्त तितके चांगले’ हेही खरे नाही.

बाटलीतून प्यायलेल्या एनजीएफचे पोटात तेच होणार, जे पोह्यांवरच्या शेवेतल्या बेसनाचे होते. सुईने दिला तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तो ओलांडत नाही. थेट मेंदूत सोडून पाहिले, तेव्हा रुग्णांना वेदना झाल्या, वजनही घटले. उपयोग झाला तो डोळ्यांत. मज्जातंतू निकामी होऊन पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) जखम होते, त्यावर एनजीएफचे थेंब अमेरिकेत 2018 साली मंजूर झाले. दर दोन तासांनी एक, दिवसातून 6 वेळा, 8 आठवडे.

रक्ततपासणीत बी12 कमी निघाले तर ते जरूर घ्यावे, ती गोष्ट वेगळी. पुरवणीतील त्या वाक्याची दुरुस्ती मात्र छापावी, ही विनंती.

आपले,
जीवशास्त्राचे दोन अध्यापक, इंदूर