भांड्याला भोक पाडण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी बिअर तयार करण्याच्या साधनांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांविषयी लेखकाने इतके बारकाईने लिहिले असताना, माल्टचा काढा उकळण्याच्या स्टीलच्या पातेल्याला तोटी बसवण्याचा विषय मात्र ‘ड्रिलने अर्धा इंची भोक पाडून तोटी बसवावी’ एवढ्या एका वाक्यात संपवला आहे. बरीच वर्षे फिटरचे काम केलेल्या मला हे वाक्य खटकले, कारण ते तंतोतंत पाळणाऱ्याचे पातेले तरी वाया जाईल, नाही तर ड्रिलचे पाते म्हणजे बिट तरी.

आधी मापाविषयी. नळकामातले अर्धा इंच हे नुसते नावाचे माप आहे. ते जुन्या पाइपांच्या आतल्या पोकळीवरून पडले, आणि आज अर्धा इंची तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो. त्यामुळे खरोखरच १२.७ मिलिमीटरचे भोक पाडणाऱ्याची तोटी त्यात शिरणारच नाही. भोक वाढवता येते, लहान करता येत नाही, म्हणून चूक या बाजूला झाली हे त्यातल्या त्यात बरे. तरीही तोटी आधी हातात घ्यावी, व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) आटे मोजावेत आणि मगच पातेल्यावर खूण करावी.

खरी अडचण धातूची आहे. पातेली सहसा ज्या स्टेनलेस स्टीलची असतात त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि हा धातू घासला गेला की जागच्या जागी कडक होतो. साध्या लोखंडाची सवय असलेला माणूस मशीन पूर्ण वेगात सोडतो आणि पातळ पत्रा वाकेल या भीतीने हात हलका ठेवतो. तिथेच घात होतो. बिट कापत नाही, नुसते फिरत राहते. किंचाळल्यासारखा आवाज येतो, पत्र्यावर निळसर डाग उमटतो, आणि त्या डागाखालचा धातू आता मूळच्यापेक्षा कितीतरी कठीण झालेला असतो. मग जोर वाढवला तरी उपयोग नसतो, कारण तोवर बिटाची धारही गेलेली असते. यावर उपाय म्हणजे वेग कमी, दाब भरपूर आणि सतत, व कटिंग ऑइल सढळ हाताने. कीस लांब आणि वळणदार निघत असेल तर काम बरोबर चालले आहे असे समजावे; भुकटी पडू लागली की थांबावे आणि बिट पाहावे.

हे भोक एका दमात पाडायचे नसते. आतल्या बाजूने लाकडाचा ठोकळा टेकवून सेंटर पंचाने खूण करावी, कोबाल्टच्या ३ मिलिमीटर बिटाने पहिले भोक घ्यावे आणि पुढे पायऱ्यापायऱ्यांच्या स्टेप ड्रिलने ते वाढवत न्यावे. मशीनच्या फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर २२ मिलिमीटरच्या पायरीची कड ३ मिलिमीटर बिटाच्या कडेपेक्षा सातपटीहून अधिक वेगाने धावते, म्हणून प्रत्येक पायरीला वेग उतरवत न्यावा लागतो. बिट आरपार जाताना पत्र्यात अडकून पातेले गरकन फिरवते. म्हणून ते हाताने धरू नये, पक्के आवळावे. डोळ्यांवर चष्मा असावा आणि हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरते बिट त्यांना आत ओढते.

जागेबाबत मी स्वतः फसलो आहे. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून मी माझ्या पहिल्या पातेल्याला अगदी तळाशी, जिथे पत्रा वळतो तिथे भोक पाडले. वळणावर वायसर सपाट बसला नाही आणि नट कितीही आवळला तरी थेंब गळतच राहिला. भोक वळणाच्या वर, उभ्या भिंतीत असावे, आणि तळातला काढा आतून वाकडी नळी जोडून ओढून घ्यावा. वायसर सिलिकॉनचा असावा. उकळीची उष्णता तो सहज सोसतो.

भोक पडल्यावर कडेची बर, म्हणजे उरलेली धारदार कंगोरी, काढायची ती नव्या कानशीने. लोखंडावर वापरलेल्या कानशीचे कण स्टीलमध्ये रुततात आणि थोड्याच दिवसांत तिथे गंज धरतो. जस्ताचा मुलामा असलेले जोड अजिबात वापरू नयेत, कारण काढा आम्लधर्मी असतो आणि जस्त त्यात उतरते. इनॅमलच्या पातेल्याच्या वाटेला जाऊच नये; त्याचा थर भोकाभोवती उडतो आणि खालचे लोखंड उघडे पडते. कोणी बिअरच्या जुन्या केगला, म्हणजे धातूच्या पिंपाला, भोक पाडणार असेल, तर त्यातला दाब आधी पूर्ण सोडावा; याला अपवाद नाही.

तोटी बसली की पातेले पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावे आणि नंतर तेच पाणी उकळून पुन्हा पाहावे, कारण थंड असताना न गळणारा जोड तापल्यावर गळू शकतो. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात निदान तोटीच्या आट्यांचे खरे माप आणि मशीनच्या वेगाची सूचना छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त फिटर