गच्चीवर चढण्याआधी हे वाचा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, न्हाणीघरातला नळ गळतोय, सिंकमधलं पाणी जात नाहीये आणि बाबा भर दुपारी गच्चीवर गेलेत. पहिल्या दोन गोष्टींचं मला काही वाटलं नाही. हे पत्र तिसरीमुळे. फोनवर काही बोलायला गेलं की बाबा, तुम्ही ‘बघू की’ म्हणून विषय मिटवता आणि आई, तू लगेच जेवणाचं विचारतेस. पत्र कसं, शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

बाबा, प्रत्येक बारीकसारीक कामाला प्लंबर कशाला, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा पाइप कुठून कसा नेलाय हे तुम्ही उभं राहून पाहिलंय, ते कुठल्याच प्लंबरला ठाऊक नाही. पण आमच्या सोसायटीच्या कमिटीत आल्यापासून प्लंबर लोकांच्या मागे फिरून माझंही एक मत झालंय. जमिनीवर उभं राहून, पाणी बंद करून, हाताने किंवा एका पान्याने होतं ते घरी करावं. शिडी, वीज किंवा छिन्नी लागली की माणूस बोलवावा. जिन्याच्या खोलीवरची टाकी, तिची ती लोखंडी शिडी आणि एप्रिलचं सोलापूरचं ऊन, म्हणजे ते काम तुमच्याकडून गेलं. यावर वाद नको.

आता जे घरी होतं त्याकडे वळू. त्यातलं पहिलं काम म्हणजे पाणी कुठून बंद होतं ते आईला माहीत असणं. बाबा घरी नसताना बेसिनखालची कनेक्शनची नळी फुटली तर आई काय करणार? बादल्या लावत बसणार. म्हणून आजच तिला दोन्ही कॉक दाखवा. टाकीतून घरात उतरणाऱ्या लाइनचा एक, आणि बाहेर फाटकाजवळचा, जिथून पालिकेचं पाणी हौदात येतं तो दुसरा. नुसते दाखवून भागणार नाही, तिच्या हाताने फिरवून बघा. पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हलवला नाही की क्षार बसून जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी त्याचं चाकच हातात येतं. महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण बंद करून उघडायचा, आणि पूर्ण उघडला की किंचित मागे घ्यायचा. टाकीखालचा कॉक गच्चीवर असेल, तर जिन्यात हाताला येईल असा एक नवा बसवून घेऊ. टाइल्स बदलण्यापेक्षा मला त्यावर खर्च करायला आवडेल.

न्हाणीघरातला नळ. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. पुण्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेवढ्यात अर्धं बॅरल गटारात गेलेलं असतं. उजनी धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं, पाण्याचा वार काही बदलत नाही. नळ लवकर खराब होण्यामागेही हेच आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये रस्त्याखालची लाइन रिकामी पडते, पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्याबरोबर गंज आणि बारीक गाळ येतो, तो हौदात, तिथून टाकीत आणि शेवटी नळातल्या रबरी चकतीखाली, म्हणजे वायसरखाली जाऊन बसतो. म्हणून पहिली पाच मिनिटं पाणी हौदात सोडूच नका. बादलीत धरा, संडासाला आणि झाडांना वापरा.

तो नळ जुना, फिरवून बंद करायचा आहे, तेव्हा वायसरच गेलाय. कॉक बंद करायचा, नळ उघडून आतलं पाणी काढून टाकायचं, मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं (स्क्रू आत पडला की काम दुप्पट), मग पान्याखाली कापड धरून नळाचं डोकं सोडवायचं. दांडी उचलली की खाली चकती दिसेल. आपल्याकडच्या जड पाण्याने ती लाकडासारखी टणक होते आणि मधोमध गोल खळगा पडतो. नवा वायसर बसवण्याआधी ज्या पितळी कडेवर तो टेकतो त्या कडेवरून बोट फिरवून बघा, बाबा. कड गुळगुळीत असेल तर ठीक. खरखरीत किंवा चरे पडलेली असेल तर नवा वायसर महिनाभरात पुन्हा फाटेल, मग नळच बदललेला बरा. आणि नळ गळतो म्हणून तो जोर लावून आवळायची जी सवय आहे ना, त्यानेच वायसर चिरडतो. हे मी दोघांनाही म्हणतेय.

स्वयंपाकघरातला अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा नवा नळ वेगळा. त्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, आणि गाळाच्या एका कणाने त्यांना चरा पडतो. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, आतला स्पिंडल, म्हणजे फिरणारा भाग, अख्खा बदलून मिळतो. त्याच्या तोंडाची जाळी मात्र काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. धार बारीक झाली म्हणजे टाकीतच काही बिघडलंय असं तुम्हाला वाटतं, ते बहुतेक वेळा त्या जाळीत साठलेला पांढरा क्षार असतो. शॉवरचंही तेच.

सिंक तुंबणं हे आई, तुझ्या शेंगा चटणीचं आणि भाकरीच्या परातीचं काम आहे. चटणीचं तेल आणि पिठाचं पाणी पाइपात एकत्र आलं की जी खळ तयार होते तिच्याने पोस्टरं चिकटवता येतील! तेलकट भांडं आधी रद्दीच्या कागदाने पुसायचं आणि परात धुतलेलं पाणी कुंडीत टाकायचं, म्हणजे निम्मा त्रास कमी. आता जे तुंबलंय त्यावर उकळतं पाणी ओतू नकोस. पीव्हीसीचा पाइप साठ अंशांच्या पुढे नरम पडायला लागतो आणि सांधे सुटतात. आधी रबरी पंप मारून बघ, पण पंप मारताना सिंकचं जास्तीचं पाणी जायचं भोक ओल्या फडक्याने बंद कर, नाहीतर सगळी हवा तिथूनच निघून जाते. त्याने नाही गेलं तर सिंकखाली बाटलीसारखा प्लास्टिकचा ट्रॅप आहे. त्याच्याखाली बादली ठेवायची आणि बाटलीचं बूड हाताने फिरवून काढायचं. वास येईल, नाक दाबून धरायचं. आत जे निघेल ते कचऱ्यात टाकायचं, सिंकमध्ये परत धुवायचं नाही! बसवताना रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघून हातानेच आवळायचं, पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात.

दुकानातली ती पाइप मोकळा करायची पुडी मला आवडत नाही. त्यात कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा असतो. पाइप पूर्ण बंद असेल तर तो आतच साचून राहतो आणि नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर येतो. टाकलीच असेल तर येणाऱ्या माणसाला आधी सांगायचं. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही, फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. आई, ‘एकदम स्वच्छ निघतं’ असं तुला शेजारणीने सांगितलं असलं तरी नाही.

संडास किंवा मोरी एकदम तुंबली तर आत काही ढवळण्याआधी मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण कुणाकडून तरी उचलून बघा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, रस्त्याकडच्या लाइनमध्ये, तिथे घरात कितीही पंप मारून उपयोग नाही, पालिकेच्या झोन ऑफिसात तक्रार द्यायची. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घरात. एवढं बघितलं तरी प्लंबर काय सांगतोय ते खरं की खोटं कळतं.

दादाच्या खोलीतल्या बाथरूममध्ये वास येतो, झुरळं येतात, हे आई गेल्या उन्हाळ्यातही म्हणत होती. तिथे काही बिघडलेलं नाही. ते बाथरूम कुणी वापरत नाही, आणि जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी अडून राहतं, ज्याने गटाराचा वास वर येत नाही, ते आपल्या उन्हाळ्यात सुकून जातं. आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी आणि वरून चमचाभर गोडेतेल ओतायचं. तेलाचा थर असला की पाणी उडत नाही. औषधं फवारायची गरज नाही.

हौदाचं सांगते. हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक अडकून हौद वाहिला की रस्त्यावर पाणी, आणि मग रात्री दोन वाजता कोण भांडणार? बॉल हातात घेऊन हलवा. आत पाणी खळखळलं तर तो चिरलाय, बुडतो आणि पाणी बंदच करत नाही. नवा बॉल स्वस्त आहे. हौदाच्या झाकणापाशी बसून, हात पोचतो तेवढंच करायचं. आत उतरायचं नाही, बाबा, धुवायलासुद्धा नाही, आणि दुसऱ्या कुणाला एकट्याने उतरवायचंही नाही. बंद हौदात हवा कमी असते, आणि वर मोटरची वायर.

मोटर चालू आहे, आवाज येतोय, पण पाणी उचलत नाही, म्हणजे तिने हवा धरलीय. लगेच बंद करा. कोरडी फिरली तर आतलं सील जळतं. वीज बंद करून वरच्या बुचातून पाणी भरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, मग बूच लावून चालू करायची. दर वेळी असंच होत असेल तर हौदातल्या पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाही, त्यात कचरा अडकला असणार, ते प्लंबरचं काम. टाकी भरली का बघायला वर जाणं कायमचं बंद व्हावं म्हणून मी फ्लोट स्विच बसवून घेणार आहे. टाकी भरली की मोटर आपोआप बंद, हौद रिकामा झाला तरी बंद. वायरमनला शनिवारी बोलावलंय. बाबा, ‘आम्ही इतकी वर्षं काय करत होतो’ हे वाक्य तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच उत्तर देते, तुम्ही शिडी चढत होता.

बॅरलमध्ये पाणी साठवण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही. पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, आणि अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, नवं पाणी भरण्याआधी आतल्या कडा काथ्याने घासायच्या आणि वर कापड घट्ट बांधायचं.

बाकी जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचं माझ्या मते आता आयुष्य संपलंय. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं ते टाकीमुळे नाही, पाइप आतून गंजलाय. भिंत न फोडता बाहेरून सीपीव्हीसी प्लास्टिकची नवी लाइन टाकता येते, फक्त उन्हात येणाऱ्या भागाला रंग द्यावा लागतो. ते पावसाळ्याआधी करू. तोवर कुठे फुटलाच तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर तारेने आवळायचं. एम-सीलचं लांबण ओल्या पाइपावर धरत नाही, पाइप कोरडा असेल तरच ते लावायचं.

गीझरचं एकच. त्याच्या खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, ते पडू द्यायचे. ते भोक बुजवलं तर टाकी फुटू शकते. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मात्र आधी मेन स्विच बंद, आणि माणूस येईपर्यंत गार पाण्याने अंघोळ. उन्हाळ्यात सोलापुरात गार पाणी मिळतं कुठे म्हणा!

शनिवारी सकाळी पोचते. वायसर, टेप आणि बेसिनच्या नव्या नळ्या इथूनच आणतेय. सिंकचा ट्रॅप सव्वा इंची आहे की दीड इंची तेवढं मोजून कळवा, आणि फाटकाजवळच्या कॉकचा फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, लोखंडी शिडी सोडवून शेजारच्या काकांच्या वाड्यात ठेवायला सांगितलंय. त्यांचा मुलगा उद्या येऊन नेईल. बाबांना आधी सांगू नकोस.